४ जीबीचा लॅपटॉप, पुरात भिजलेले मोडी कागद आणि कमांड लाईन

जुना_बुधवारकर

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी कोल्हापुरातल्या आमच्या घरात भिंतीतल्या खालच्या फळीपर्यंत आलं. आजोबांची पत्र्याची पेटी त्याच फळीवर होती. पेटीत त्यांच्या आजोबांच्या वेळचे मोडीतले कागद. पाणी ओसरल्यावर आईनं एकेक पान सुटं करून गच्चीवर वाळवलं, वर दगड ठेवून. कागद बचावले, पण तपकिरी डाग असे पडलेत की शाई कुठली आणि गाळ कुठला ते कळत नाही. मोडी वाचणाऱ्या ओळखीच्या मावशींना फोटो पाठवले तर म्हणाल्या, "अरे, हे कागद आहेत की धिरडी?"

तयार स्कॅनर ॲपं वापरून बघितली. पासबुकाला, आधार कार्डाला ठीक आहेत. डागावर आली की एकतर डागाबरोबर शाई पण उडवतात, नाहीतर सगळंच काळं करतात. काही जण म्हणाले ऑनलाईन चढव, तिकडं साफ होऊन येतंय. त्याला आजोबा तयार नाहीत. त्यात जमिनीची काहीतरी भानगड असणार अशी त्यांची पक्की समजूत आहे.

म्हणून ठरवलं, आपणच ॲप करायचं. अडचण लॅपटॉपची. रॅम ४ जीबी. ॲप करायचं नेहमीचं सॉफ्टवेअर म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ, तो किमान ८ मागतो. एकदा उघडून बघितला, पंखा असा सुटला की शेजारच्या काकूंनी विचारलं, गिरण टाकलीस काय रे? तेव्हा स्टुडिओ बाद. लिनक्स टाकलंय, साधा एडिटर आहे, बाकी सगळं कमांड लाईनवर, म्हणजे बटणांऐवजी टाइप केलेल्या आज्ञांवर. पिक्सेलचं काम सी प्लस प्लसमध्ये, एनडीके (अँड्रॉइडसाठी सी प्लस प्लस लिहायची हत्यारं) वापरून.

पहिली रात्र नुसत्या एसडीकेमॅनेजरमध्ये, म्हणजे अँड्रॉइडची हत्यारं (एसडीके) उतरवून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, गेली. कमांड लाईन टूल्सची झिप उघडली, चालवलं, तर म्हणतंय एसडीकेचं मूळ सापडत नाही. कारण काय, तर उघडलेला फोल्डर आहे तसा चालत नाही. 'सीएमडीलाईन-टूल्स'च्या पोटात 'लेटेस्ट' नावाचा फोल्डर करून सगळं त्यात सरकवायचं. आधी जावा जुनं होतं म्हणून पण अडलं होतं, त्याला १७ लागतं. मग लायसन्सना होय होय म्हणत बसलो आणि एनडीके उतरवायला घेतलं. अर्धा जीबीच्या वर आहे ते. निम्म्यावर लाईट गेली.

(कमांडची नावं देवनागरीतच लिहितोय. मोठ्यानं म्हणून बघा, कळतील.)

कुणी असं स्टुडिओशिवाय केलंय का?

कट्ट्यावरचा

नाद खुळा! भावा, ८ जीबीची रॅम विकत घेतली असतीस तर एका दिवसात झालं असतं की.

जुना_बुधवारकर

रॅम बोर्डावर सोल्डर आहे. दुकानदारानं विकताना सांगितलं होतं "नंतर वाढवता येतीय". आता तो फोन उचलत नाही.

पुणेरी_पॉइंटर

मूळचा राजारामपुरीचा, पोटासाठी पुण्यात. अँड्रॉइडचंच काम करतो म्हणून बोलतो, राग मानू नका. स्टुडिओ नको असेल तर नको, पण ग्रेडल, म्हणजे ॲपची सगळी बांधणी आपोआप करणारा प्रोग्रॅम, सोडू नका. 'ग्रेडलडब्ल्यू असेंबल-डीबग' हीसुद्धा कमांड लाईनच आहे. हाताने एपीके (ॲपची इन्स्टॉल करायची फाईल) बांधायचा हट्ट लोक दोन दिवस करतात. तिसऱ्या दिवशी एखादी अँड्रॉइडएक्सची (गूगलच्या तयार कोडची) लायब्ररी लागते, तिच्या एएआर फाईलमधले रिसोर्स हाताने मिसळत बसावे लागतात, आणि मग गपगुमान ग्रेडलकडे परत येतात.

जुना_बुधवारकर

सर, बघितलं करून. पहिल्याच बिल्डला ग्रेडलनं एवढं काय काय उतरवलं की महिन्याचा डेटा संपला, आणि त्याचा डीमन (मागे चालू राहणारा प्रोग्रॅम) रॅममध्ये पाय पसरून बसला. ब्राउझर बंद केला तरच लिंकर चालायचा. माझ्या ॲपला एकच स्क्रीन आहे आणि अँड्रॉइडएक्स लागत नाही. म्हणून मेकफाईल, म्हणजे बांधणीच्या कमांडची क्रमवार यादी, लिहिली. साठ ओळींची आहे, आणि तिच्यातली एकूण एक ओळ मला कळते.

गडहिंग्लजची_गौरी

दादा, मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला कॉलेजात स्टुडिओतलं हिरवं 'रन' बटण दाबायला शिकवलंय. ते दाबल्यावर आत नेमकं काय होतं, कुणी सांगेल का?

जुना_बुधवारकर

गौरी, मलाही पंधरा दिवसांपूर्वी माहीत नव्हतं. माझी मेकफाईलच वाचून दाखवतो.

एनडीकेच्या पोटात क्लँग हा कंपायलर आहे. त्याच्या नावातच सगळं येतं: आर्च-६४, लिनक्स, अँड्रॉइड, पुढं एपीआयचा, म्हणजे अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आकडा, माझा २४. त्यानं सी प्लस प्लसची एक डॉट एसओ फाईल (लायब्ररी) होते. बिटमॅपला हात घालायचा म्हणून जेएनआय-ग्राफिक्स ही लायब्ररी जोडायची.

दुसरीकडं एएपीटी-२. हा मॅनिफेस्ट (ॲपची माहिती सांगणारी फाईल) आणि रिसोर्स (चित्रं, मजकूर वगैरे) घेतो आणि अर्धवट एपीके देतो. त्यात कोड नसतो, नुसता सांगाडा. मग जावा-सीनं जावाच्या क्लास फाईली, आणि डी-८ नं त्यांची एक डेक्स फाईल, कारण फोनला क्लास फाईल कळत नाही. डेक्स आणि डॉट एसओ त्या सांगाड्यात झिपनं कोंबायच्या. एपीके म्हणजे शेवटी झिपच. मग आतल्या फाईली ठरलेल्या अंतरावर बसवणारं झिपअलाइन, आणि सगळ्यात शेवटी सही करणारा एपीके-साइनर. हा क्रम उलटा केला तर सही मोडते. सही झाल्यावर पाकिटाला हात लावायचा नाही.

मग एडीबी इन्स्टॉल, म्हणजे लॅपटॉपवरून फोनवर चढवायचं. झालं तुझं हिरवं बटण.

आता मी कुठं कुठं शेण खाल्लं ते पण ऐक. ॲप उघडताक्षणी बंद. लॉगकॅट (फोनचा लॉग) म्हणतोय लायब्ररी सापडली नाही. झिप उघडून बघितली तर डॉट एसओ आहे की आत! दोन तास गेले. शेवटी दिसलं की झिप एका फोल्डरच्या बाहेरून केली होती, म्हणून आतला पत्ता 'बिल्ड, लिब, आर्म-६४' असा झाला होता. फोन मुळापासून 'लिब' शोधतो. पोस्टमनला गल्ली बरोबर दिली आणि गाव चुकवलं, तसं.

ते सुधारलं तर सी प्लस प्लसची सामायिक लायब्ररी सापडेना. ती फोनमध्ये नसते, आपणच बरोबर न्यायची, नाहीतर स्टॅटिक जोडायची. मी स्टॅटिक जोडली.

आणि सगळ्यात येडपटपणा म्हणजे मेकफाईलमध्ये दर वेळी कीटूलनं नवी किल्ली तयार होत होती. प्रत्येक बिल्डची सही वेगळी, त्यामुळं फोन म्हणायचा हे अपडेट त्या ॲपचं नव्हेच. चार दिवस मी दर वेळी ॲप काढून परत टाकत होतो. मला वाटलं असंच असतं.

पुणेरी_पॉइंटर

किल्लीवरून हसलो, क्षमस्व. त्या वयात आम्हीही केलंय. बाकी साठ ओळींची मेकफाईल चालते म्हणजे मान्य, ग्रेडलचा मुद्दा मागे घेतो. या ॲपपुरता.

आता न विचारता दोन गोष्टी. मॅनिफेस्टमध्ये लक्ष्य एपीआय ३० किंवा पुढचं असेल तर 'रिसोर्सेस डॉट एआरएससी' ही फाईल झिपमध्ये दाबलेली चालत नाही. एपीके उघडून पुन्हा झिप केलीत की ती दाबली जाते आणि फोन इन्स्टॉललाच नकार देतो. तेव्हा आहे त्या झिपमध्ये भर घालायची, पुन्हा बांधायची नाही. ३१ पासून पुढे, लाँचरवरून उघडणाऱ्या ॲक्टिव्हिटीला (स्क्रीनला) 'एक्सपोर्टेड', म्हणजे बाहेरून उघडता येतं की नाही, हे स्पष्ट लिहावं लागतं.

प्ले स्टोअरवर टाकणार असाल तर आणखी. ६४ बिटची सक्ती १ ऑगस्ट २०१९ ला आली, म्हणजे तुमच्या पुराच्याच महिन्यात. आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढचं लक्ष्य धरणाऱ्या नव्या ॲपना आणि अपडेटना १६ केबीचं मेमरी पान (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो तो तुकडा) चालावंच लागतं. एनडीके आर-२८ पासून ते आपोआप होतं. जुनं वापरत असाल तर लिंकरला 'मॅक्स पेज साइझ १६३८४' असं सांगा. नुसता जावाचा कोड असता तर यातलं काही बघावं लागलं नसतं. नेटिव्ह (सी प्लस प्लसच्या) कोडचा हा हप्ता असतो, दर दोन-चार वर्षांनी भरायचा.

कट्ट्यावरचा

पुण्याचा माणूस मुद्दा मागे घेतोय. स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

जुना_बुधवारकर

बांधणी झाली. आता खरं दुखणं सांगतो. पहिल्यांदा ओत्सूची पद्धत लावली, १९७९ ची. सगळ्या चित्राचा हिस्टोग्राम (किती ठिपके किती उजळ याची मोजणी) घ्यायचा, उजेड आणि अंधार यांच्यामधली एक सीमा काढायची, त्याखालचं काळं, वरचं पांढरं. सपाट कागदावर झकास. माझ्या पानावर डावीकडचा डाग हा उजवीकडच्या शाईपेक्षा गडद आहे. मग एक सीमा कुठं ठेवू? डाव्या बाजूचा पाऊण परिच्छेद काळा ठोकळा झाला.

आणि फोटो चौथाईपर्यंत साफ व्हायचा आणि ॲप कोसळायचं. दर वेळी. सिग्नल ११. हे का होतंय?

शिरोलीची_भट्टी

मी शिरोलीला फाउंड्रीत कॅमेऱ्यानं कास्टिंग तपासायच्या सिस्टिमवर असतोय. चौथाईवर मरतंय म्हटल्यावर उत्तर त्यातच आलं. बिटमॅप इन्फोमधला 'स्ट्राइड', म्हणजे एका ओळीची लांबी, हा बाइटमध्ये असतोय. तुझा पॉइंटर (मेमरीतल्या जागेचा पत्ता) ३२ बिटच्या पिक्सेलचा असणार. ३२ बिटच्या पॉइंटरमध्ये स्ट्राइड मिळवलास की तो चौपट उडी मारतोय. म्हणजे पानाच्या पावहिश्श्याला तू मेमरीच्या बाहेर. आधी बाइटच्या पॉइंटरवर ओळ गाठायची, मग त्याचा ३२ बिटचा करायचा.

आणि पिक्सेल ताब्यात घ्यायला लॉक-पिक्सेल्स केलंस तर अनलॉक पण करतोस ना? मधूनच रिटर्न मारत असशील तर बघ.

जुना_बुधवारकर

दादा, पाया पडतो. दोन्ही होतं. चौपट उडी पण आणि मधला रिटर्न पण.

शिरोलीची_भट्टी

पाया नको, चहा पाज. ओत्सू सोड. तुझ्या कागदाला प्रत्येक ठिपक्याची सीमा त्याच्या शेजाऱ्यांवरून काढाय पाहिजे. साउव्होला म्हणून पद्धत आहे, २००० सालची. ठिपक्याभोवतीची २५ बाय २५ ची खिडकी घ्यायची, तिची सरासरी आणि प्रमाण विचलन काढायचं. विचलन कमी, म्हणजे तिथं नुसता कागद किंवा नुसता डाग, मग सीमा सरासरीच्या बरीच खाली जाते आणि सगळं पांढरं होतं. विचलन जास्त, म्हणजे शाई आहे, सीमा वर येते. डाग गडद असला तरी आतून सारखाच असतोय, म्हणून तो जातो आणि अक्षर राहतं.

खिडकीची बेरीज दर वेळी नव्यानं करू नको, ६२५ वेळा तेच पिक्सेल वाचशील. इंटिग्रल इमेज कर, म्हणजे प्रत्येक ठिपक्यापाशी वरच्या डाव्या कोपऱ्यापासूनची बेरीज साठवून ठेव.

फोटोवाला_महाद्वार

मध्येच तोंड घालतो. प्रोग्रॅमिंगमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण कृष्णधवल रोलवर पंचवीस वर्षं काम केलंय. पिवळट तपकिरी डाग घालवायचा असेल तर आम्ही लेन्सवर लाल किंवा नारिंगी फिल्टर लावायचो. फिल्टर आपल्याच रंगाला उजळवतो. काळी शाई सगळ्याच फिल्टरमधून काळी. तुमच्या त्या कॉम्प्युटरात लाल वेगळा काढता येतो का?

जुना_बुधवारकर

काका!! मी तिन्ही रंगांची मिसळ करून करडा काढत होतो, हिरव्याला सगळ्यात जास्त वजन देऊन, पुस्तकात आहे तसं. तुमचं वाचून नुसता लाल घेतला. एक ओळ बदलली. एक! निम्मा डाग साउव्होला लावायच्या आधीच गेला. आईला दाखवलं, ती म्हणाली हे आधी का नाही केलंस.

फोटोवाला_महाद्वार

बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वतः घडवला ते हे गाव आहे. अजून बरंच काही विसरलोय आम्ही.

जुना_बुधवारकर

चार दिवसांनी परत आलो. इंटिग्रल इमेज केली. पानाचा वरचा भाग बघून डोळ्यांत पाणी आलं, इतका स्वच्छ. पण खाली जाईल तसे काळे ठिपके वाढत जातात, तीळ सांडल्यासारखे. शेवटच्या चार ओळी तिळाखाली गाडल्या गेल्यात. कागद उलटा धरून फोटो काढला तर ठिपके पुन्हा फोटोच्या खालच्याच बाजूला. म्हणजे दोष कागदात नाही. कोड तपासून तपासून थकलो.

शिरोलीची_भट्टी

बेरजा कशात ठेवतोस? फ्लोटमध्ये (३२ बिटच्या दशांश प्रकारात)?

जुना_बुधवारकर

हो. का?

शिरोलीची_भट्टी

कागदावरच करून बघ. फ्लोटमध्ये पूर्णांक नेमका बसतोय तो १,६७,७७,२१६ पर्यंत. तुझा फोटो ४००० बाय ३०००, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. विचलनाला वर्गांची बेरीज लागते. २५५ चा वर्ग ६५,०२५. खालच्या कोपऱ्यापर्यंत बेरीज जवळपास ७८ हजार कोटींवर जाऊ शकते. तिथं फ्लोट ६५ हजारांच्या पायरीनं मोजतोय, मधलं सगळं खातोय. कोऱ्या कागदाचं विचलन आधीच नगण्य, त्यात ही चूक मिसळली की वजाबाकी ऋण येते. ऋणाचं वर्गमूळ काढलंस की उत्तर 'संख्याच नाही'. तुझी अट 'पिक्सेल सीमेपेक्षा मोठा तर पांढरा' अशी असणार. संख्याच नसलेल्या सीमेशी तुलना कायम खोटी, म्हणून ठिपका काळा. वर बेरीज लहान असते म्हणून वर तीळ नाहीत.

६४ बिट पूर्णांक वापर, जाईल.

गडहिंग्लजची_गौरी

हे वाचून मी वहीत उतरवून घेतलं. 'फ्लोटिंग पॉइंटच्या मर्यादा' यावर चार मार्कांचा प्रश्न येतो आम्हाला, पाठ करून लिहितो. तीळ कुणी दाखवले नव्हते.

जुना_बुधवारकर

६४ बिट केलं, तीळ गेले. पण आता आईच्या फोनवर ॲप मध्येच गायब होतंय. कोसळत नाही, लॉगमध्ये रडारड नाही, नुसतं नाहीसं होतंय. माझ्या फोनवर चालतंय.

पुणेरी_पॉइंटर

हिशेब करा. फोटोचा बिटमॅप ४८ एमबी. वर्गांची ६४ बिट बेरीज ९६ एमबी. साधी बेरीज ४८. निकालाचा बिटमॅप धरला तर आणखी ४८. २४० एमबी झाले. जुन्या फोनवर मेमरी संपत आली की सिस्टिम सरळ प्रोसेस मारते, सी प्लस प्लसला अपवाद फेकायलाही वेळ देत नाही.

शिरोलीची_भट्टी

अख्खी इंटिग्रल इमेज ठेवायची गरजच काय? खिडकी २५ ओळींचीच आहे. प्रत्येक रकान्याच्या त्या २५ ओळींची बेरीज ठेव आणि वर्गांची बेरीज ठेव. एक ओळ खाली सरकलास की वरची वजा, खालची अधिक. ४००० रकाने, दोन बेरजा, आणि २५ ओळींचे वर्ग ३२ बिटात आरामात बसतात. सगळे मिळून ३२ केबी. फाउंड्रीत आम्हाला असंच करावं लागतंय, पट्टा थांबत नाही आणि बोर्डाला रॅम नसते. फक्त निकाल वेगळ्या बिटमॅपमध्ये लिही. मूळ फोटोतच लिहिलास तर वजा करताना बदललेला पिक्सेल वजा करशील.

आणि क्लँगला ओ-२, म्हणजे कोड वेगवान करायचा पर्याय, दिलायस ना? सरळ बोलावला की तो काहीच ऑप्टिमाइझ करत नाही.

जुना_बुधवारकर

ओ-२ दिलेला नव्हता.

(पाच मिनिटांनी) दिला. आधी बटण दाबून चहा ओतून आणायचो. आता कप उचलेपर्यंत पान हजर. आईच्या फोनवर पण.

मोडीमावशी

याच धाग्यातली धिरडीवाली मी. लिंक पुतणीनं पाठवली. पानं बघितली. छान झालीत, पण दोन तक्रारी आहेत.

एक, तुझं यंत्र बारीक रेघ खातं. बोरूनं लिहिताना वळणावर रेघ केसाएवढी होते. मोडीत हात न उचलता लिहायचं, शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, त्यामुळं ती केसाएवढी रेघच सांगते की अक्षर पुढच्याला जोडलंय की नाही. ती तुटली की मी भलतंच वाचते. काजळीची शाई उन्हानं उडत नाही, पण पाण्यानं पसरते, आणि पसरलेली फिकट कड तू डाग म्हणून पुसतोस. मला मूळ फोटो पण हवा. बोट ठेवलं की मूळ दिसू दे, उचललं की साफ केलेला.

दुसरी, अर्धी पानं आडवी येतात. मान मोडायची वेळ आली.

जुना_बुधवारकर

मावशी, बोट ठेवायचं उद्या करतो, सोपं आहे. आडव्याचं कारण म्हणजे फोन फोटो आडवाच साठवतो आणि "उभा दाखवा" अशी चिठ्ठी फाईलला लावतो. माझं ॲप चिठ्ठी न वाचता पिक्सेल उचलतं. तेही करतो. पण पानं जरा तिरकी पण येतात, त्याला काय करावं?

मोडीमावशी

मोडी लिहिणारा आधी डावीकडून उजवीकडं सबंध रेघ ओढायचा, मग तिच्याखाली अक्षरं लोंबवायचा. ती रेघ सरळ असते. तिला धर.

शिरोलीची_भट्टी

वा मावशी. आम्ही कास्टिंगची कड शोधायला जे करतो तेच हे. अर्ध्या अर्ध्या अंशानं पान फिरवायचं, प्रत्येक ओळीतले काळे ठिपके मोजायचे. ज्या कोनाला मोजणीत सगळ्यात टोकदार सुळके येतात तो बरोबर. पान लहान करून मोज, पूर्ण आकाराची गरज नाही. आणि साउव्होलाचा 'के', म्हणजे सीमा किती खाली न्यायची तो आकडा, ०.५ असेल तर ०.२ करून बघ, मावशींची रेघ वाचेल. थोडा कचरा वाढेल, चालतंय.

जुना_बुधवारकर

०.२ केला. रेघ वाचली. कचरा आला, मावशी म्हणतात कचरा मला कळतो, तू रेघ ठेव.

कट्ट्यावरचा

ते सगळं राहू दे. जमिनीचं काय निघालं?

मोडीमावशी

पहिलं पान पूर्ण लागलं. शके १८२१ चं आहे. जमिनीचं काही नाही. गुळाचे रवे कुणाला किती दिले त्याची यादी आहे, आणि शेवटच्या चार ओळींत, त्याच तिळाखालच्या, एका गिऱ्हाइकाकडं साडेतीन रुपये बाकी असल्याचं लिहिलंय. नाव वाचलंय, इथं लिहीत नाही. त्यांचे वंशज याच पेठेत असायचे.

जुना_बुधवारकर

आजोबांना वाचून दाखवलं. जमीन नाही म्हटल्यावर जरा पडले. मग बराच वेळ गप्प राहून विचारलं, "बाकी वसूल झाली का?"

मोडीमावशी

ते पुढच्या पानावर असेल. पाठव. आणि उभं पाठव.